चौकटीवरचा देव

श्रोतेहो, नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावात गेलात, तर गढीच्या आसपास एखादा तरी जुना वाडा अजून उभा दिसेल. भिंती दगडमातीच्या, वर माळवद, आणि समोर सागवानी चौकटीचा मोठा दरवाजा. ह्या दरवाजातली दिंडी ठेंगणी असते. आत जाताना मान लववावी लागते, आणि म्हणूनच आपल्या डोक्यावर काय कोरले आहे ते पाहायचे राहून जाते. वर्षानुवर्षे त्या दारातून ये-जा करणाऱ्या माणसालाही विचारा, ‘तुमच्या चौकटीवर कोणता देव आहे हो?’ तो म्हणेल, ‘गणपती असेल.’ बहुधा गणपतीच असतो. पण त्याच्या हातांत काय आहे, शेजारी कोण उभे आहे, खाली कोणते तोंड कोरले आहे, हे विचारले की उत्तर येत नाही.

आजच्या भाषणात ही लाकडातली देवमूर्ती वाचावी कशी, लाकडामुळे तिच्यात काय फरक पडतो, आणि ती आपल्या हातून निसटते आहे ती का, एवढेच सांगायचे आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपल्याकडे देवाची मूर्ती चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. विष्णू, शिव, सूर्य ह्यांचे चेहरे शिल्पकार बहुधा सारखेच शांत, सारखेच तरुण घडवतो. आपण तरी दुरून येणारा माणूस कशावरून ओळखतो? खांद्यावर घोंगडी आणि पुढे मेंढरे दिसली की धनगर; डोक्यावर मोरपिसांची टोपी आणि हातात चिपळ्या दिसल्या की वासुदेव. मूर्तीचेही तसेच. हातांत काय आहे, वाहन कोणते, बसली आहे की उभी, आणि डोक्यावर मुकुट आहे की जटा, ह्या चार खुणा पाहिल्या की देव ओळखता येतो. हातातल्या वस्तूंना शास्त्रात आयुधे म्हणतात; मग ते शस्त्र असो, कमळ असो की जपमाळ असो.

उदाहरण घरचेच घेऊ. माहूरचे दत्तशिखर आपल्या नांदेड जिल्ह्यात आहे. दत्ताची आज घरोघर दिसणारी मूर्ती तीन मुखांची आणि सहा हातांची. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोन हातांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र. आता जोड्या सोडवा. माळ-कमंडलू ब्रह्मदेवाचे, डमरू-त्रिशूळ शिवाचे, शंख-चक्र विष्णूचे. व्याकरणाच्या तासाला आपण समासाचा विग्रह करतो, तसाच हा मूर्तीचा विग्रह झाला. तीन देव एकत्र कसे आले, हे त्या सहा हातांनीच सांगितले.

विष्णूच्या बाबतीत तर हा हिशेब गणिताच्या शिक्षकांनाही आवडावा असा आहे. विष्णूला हात चार आणि आयुधेही चार : शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातात ह्या चारांपैकी कोणतेही एक देता येते. दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. संध्येच्या वेळी केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी २४ नावे घेतात, ती विष्णूच्या ह्याच २४ रूपांची. वाचण्याची रीत अशी : उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. काही रूपांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण पद्धत हीच. एक गोष्ट मात्र मुलांना पहिल्यांदाच बजावून सांगावी. उजवा म्हणजे देवाचा उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे. इथे घोटाळा झाला की केशवाचा भलताच देव होतो.

आणि आयुधे नसली तर? तरीही ओळख पटते. दोन्ही हात कमरेवर ठेवून, विटेवर समचरण उभा असलेला देव पाहिला, की मराठी माणसाला तो कोण हे सांगावे लागत नाही. घोड्यावर बसलेला, हातात खड्ग, जवळ कुत्रा, म्हणजे खंडोबा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्यांना हे सांगायची गरजच नाही.

अंगांचे मापही ठरलेले असते. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची जी लांबी, तिला ताल म्हणतात आणि तिचे बारा भाग केले की एक अंगुळ होते. मोठ्या देवांची मूर्ती नऊ तालांची, म्हणजे १०८ अंगुळांची सांगितली आहे. गणपती मात्र पाच तालांचा. म्हणूनच तो ठेंगणा, मोठ्या डोक्याचा, लहान मुलासारखा दिसतो. हे अंगुळ फूटपट्टीवरचे माप नव्हे. ते त्या मूर्तीच्याच चेहऱ्यावरून निघते. त्यामुळे वीतभर उंचीच्या लाकडी देवालाही तेच प्रमाण आणि पुरुषभर उंचीच्या पाषाणमूर्तीलाही तेच.

आता आपण त्या वाड्याच्या दाराशी परत येऊ. लाकडी कोरीव कामाची ही जागा आहे, आणि ती तशी आहे ह्याला कारण आहे. देवळाच्या गाभाऱ्याच्या चौकटीवर मधोमध जी लहान मूर्ती कोरतात, तिला ललाटबिंब म्हणतात. ललाट म्हणजे कपाळ. देगलूर तालुक्यातले होट्टल आणि लातूर जिल्ह्यातले निलंगा ही गावे जुन्या पाषाणमंदिरांसाठी प्रसिद्ध आहेत. होट्टलचे सिद्धेश्वराचे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. अशा देवळांत गेलात की गाभाऱ्याच्या दाराशी क्षणभर थांबा. त्या काळच्या कितीतरी देवळांच्या चौकटींवर गणपती किंवा गजलक्ष्मी बसवलेली आढळते. दगडी देवळाची हीच रीत पुढे सुताराने लाकडात आणली आणि घराच्या चौकटीला लावली. तिला आपण गणेशपट्टी म्हणतो. घराच्याही कपाळावर देव आला.

गणेशपट्टीवर गणपती बहुधा मांडी घालून बसलेला असतो. हात चार. मागच्या दोन हातांत पाश आणि अंकुश, किंवा अंकुशाऐवजी परशू. पुढच्या एका हातात मोदक, आणि दुसरा हात वर देणारा किंवा मोडलेला दात धरलेला. पाश म्हणजे दोरीचा फास, अंकुश म्हणजे माहुताचे टोचणे. हत्तीला आवरायची साधने हत्तीच्याच हातात दिली आहेत, ही गंमत मुलांना दाखवण्यासारखी आहे. खाली उंदीर. दोन्ही बाजूंना चवऱ्या घेतलेल्या स्त्रिया असल्या तर त्या ऋद्धि-सिद्धि. गणपतीच्या शेजारी वीणा घेतलेली देवी असली तर ती सरस्वती. पोथीच्या आरंभी आणि कीर्तनाच्या नमनात ह्या दोघांचे स्मरण जोडीने करतात, तीच जोडी चौकटीवर उतरते.

कधी गणपतीच्या जागी, कधी त्याच्या वरच्या पट्टीत गजलक्ष्मी असते. कमळावर बसलेली देवी, दोन हातांत दोन कमळे, आणि दोन्ही बाजूंनी सोंडेत घागरी धरून तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती. हे हत्ती म्हणजे पाण्याने भरलेले मेघ, असा अर्थ लावतात. पाऊस पडला की लक्ष्मी घरात येते. आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मराठवाड्यात हा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको.

चौकटीच्या वरच्या भागात किंवा उंबऱ्यावर एक उग्र तोंड कोरलेले असते : वटारलेले डोळे, बाहेर आलेले दात, खाली धड नाही. पोरे त्याला राक्षस म्हणतात. ते कीर्तिमुख. त्याची कथा अशी सांगतात, की जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे पाठवले आणि पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधातून एक भुकेले भूत निर्माण झाले व ते राहूवर धावले. राहू शरण आला, शंकराने त्याला अभय दिले. मग भूत म्हणाले, ‘देवा, मी खाऊ काय?’ शंकर म्हणाले, ‘स्वतःलाच खा.’ त्याने आज्ञा पाळली. हात, पाय, धड सगळे खाल्ले आणि नुसते तोंड उरले. शंकर प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला आपल्या दारी कायमची जागा दिली. शिवालयात पायरीशी हे तोंड दिसते ते ह्यामुळे. घराच्या चौकटीवर ते आले ते राखणदार म्हणून.

बाकीचे कोरीव काम भराभर पाहू. राघू, मोर, हंस, वेलबुट्टी आणि कमळे ही शोभेची. खांबांच्या माथ्यावर जे आडवे हात तुळईला टेकू देतात, त्यांच्या टोकाला केळफूल लोंबते. पेशवाईतल्या वाड्यांत सुरूच्या झाडासारखे घाट असलेले खांब दिसतात. तो घाट मोगल इमारतींतून आपल्याकडे आला. म्हणजे एकाच सोप्यात चालुक्यांच्या देवळाची रीत आणि मोगल महालाची रीत शेजारी शेजारी नांदते. सुताराने दोन्ही आपल्याशा केल्या.

आता लाकडाविषयी. ‘लाकडाचा कसला देव?’ असे कोणी म्हटले तर त्याला सांगावे, की भागवत पुराणाने मूर्तीचे आठ प्रकार मोजले आहेत आणि त्यात दगडाच्या जोडीला लाकडाची मूर्ती आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता लिहिली. तिच्यात मूर्तीसाठी वनात जाऊन झाड कसे निवडावे ह्यावर स्वतंत्र अध्याय आहे. देवदार, चंदन, शमी, मोह, खैर, बेल अशी झाडे सांगितली आहेत. स्मशानातले, वाटेवरचे, वारुळावरचे, विजेने जळलेले, वाळून गेलेले झाड घेऊ नये. आदल्या दिवशी झाडाची पूजा करावी आणि त्यावर वसणाऱ्या जीवांनी दुसरीकडे जावे अशी विनंती करावी. तोडण्यापूर्वी बुंध्यावर दिशांची आणि शेंडा-बुडख्याची खूण करावी. कारण झाड जसे उभे होते, तशीच मूर्ती उभी राहिली पाहिजे, उलटी होता कामा नये.

ह्यात श्रद्धा आहे, तसा अनुभवही आहे. वाळलेले आणि वारुळाजवळचे झाड किडलेले असण्याचा संभव अधिक, हे कोणताही सुतार सांगेल. आपल्याकडे किनवट-माहूरच्या रानातला साग प्रसिद्ध. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि तो सुकताना फारसा वाकत नाही. चौकटीला साग वापरतात तो उगाच नव्हे.

पण लाकूड म्हणजे दगड नव्हे. लाकडाला रेषा असतात आणि त्या बुंध्यापासून शेंड्याकडे धावतात. रेषेच्या बाजूने कोरलेला भाग टिकतो; रेषेला आडवा काढलेला पातळ भाग धक्का लागताच तुटतो. म्हणून लाकडी मूर्तीचे हात अंगाशी धरलेले असतात, पाय जवळ असतात, प्रभावळ जाड असते. हात लांब पसरायचाच असला तर सुतार तो वेगळ्या तुकड्यातून घडवतो आणि खाच करून कुसू घालून धडाला बसवतो. वाकसाने झाड तासायचे, पटाशीने आकार काढायचा, आणि सारा वेळ रेषेचा कल सांभाळायचा.

ह्यातूनच लाकडी मूर्तीची एक मोठी अडचण निघते, आणि आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा तोच आहे. मूर्तीची ओळख आहे हातातल्या आयुधांत. आणि लाकडात सर्वांत आधी मोडतात ती आयुधेच. अंकुशाचे टोक जाते, त्रिशुळाची दोन पाती जातात, शंख झिजून नुसता गोळा उरतो. धड, मुकुट, आसन सगळे शाबूत, पण नाव मात्र पुसलेले. त्यात घरमालक दिवाळीला हौसेने तैलरंगाचा हात फिरवतो. एक थर, दोन थर, पाच थर. पटाशीने काढलेल्या बारीक रेषा रंगाने बुजतात आणि पाश कोणता, साप कोणता, हे कळेनासे होते. अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा गेल्यावर वाक्य जसे वाचता येत नाही, तशी त्या मूर्तीची गत होते.

मग दगड सोडून लाकूड घेतलेच का? एक तर घरे लाकडावर उभी होती. दुसरे कारण म्हणजे लाकूड हलके. गाभाऱ्यातला देव जागचा हलत नाही; पण उत्सवात देव गावात फिरायला निघतो. त्याला पालखी लागते, रथ लागतो, बसायला वाहन लागते. गरुड, हनुमान, नंदी अशी वाहने माणसांच्या खांद्यावर न्यायची तर ती लाकडाचीच हवीत. कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या किन्नाळ गावात चित्रगार घराण्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. कोप्पळ आणि आपला मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. नांदेडच्या सीमेपलीकडचे तेलंगणातले निर्मळही तसेच. तिथली चित्रे आणि पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी आपल्या घरांतून ठाऊक आहेत. हे कारागीर चिंचोक्याची खळ वापरून तुकडे सांधतात आणि वर रंग चढवतात. म्हणजे लाकडी देव रंगीत असणे ही जुनी रीतच आहे. फरक एवढाच, की तो रंग कारागिराने खुणा उठून दिसाव्यात म्हणून लावला होता.

लाकूड नाशवंत, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. ओरिसात पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा आहे. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी साधारणपणे तिथे नव्या मूर्ती घडवतात. १९९६ साली आणि नंतर २०१५ साली तसे झाले. त्यासाठी निंब शोधताना झाडावर शंख-चक्राची खूण आहे का, हे पाहतात. म्हणजे आयुधे पुन्हा आलीच! तिथे लाकूड बदलते पण देव चालू राहतो, कारण कोणती खूण कुठे करायची हे जाणणारी माणसे चालू आहेत.

आणि नीट राखले तर लाकूड टिकतेही. कार्ल्याच्या लेण्यातल्या छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे जागेवर आहेत. आपल्या वेरूळचे दहावे लेणे तर अधिक बोलके. ते बौद्धांचे चैत्यगृह. पण त्याच्या छताला दगडातच अशा कमानी कोरल्या आहेत, की पाहणाऱ्याला त्या लाकडी तुळया वाटाव्यात. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘सुतार की झोपडी’. आतल्या बुद्धमूर्तीला सुतारांनी आपला विश्वकर्मा मानून हात जोडले. दगड फोडणाऱ्यांनी सुताराच्या हाताची नक्कल केली, ह्याहून सुताराच्या विद्येचा मोठा मान कोणता?

ही विद्या आपल्याच पिढीत आपल्या डोळ्यांदेखत पुसली जात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे ह्यांनी घात केला. जिथे लाकडी खण मजबूत होते, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर पेलून राहिल्याची उदाहरणे नंतर अभियंत्यांनी नोंदवली. माणसे गेली त्या दुःखापुढे चौकटींचे दुःख कोणी करावे? कोणी केले नाही, हे योग्यच. पण गावे नव्या जागी वसली, तेव्हा नव्या घरांत जुन्या सागवानी चौकटीला जागा उरली नव्हती.

भूकंप न झालेल्या गावांतही तेच चालू आहे. वाटण्या झाल्या, पोरे शहरात गेली, माळवद गळू लागले. मग एक दिवस टेम्पो येतो आणि चौकट लाकडाच्या भावाने जाते. ती पुढे शहरातल्या एखाद्या हॉटेलात शोभेला उभी राहते. तिथे तिच्यावर कोणता देव आहे, तो कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, हे सांगणारे कोणी नसते. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गळके घर त्याला सांभाळायचे असते. मात्र त्याने कायदा जाणून घ्यावा. १९७२ साली संसदेने पुराणवस्तूंचा कायदा केला आणि तो १९७६ पासून अमलात आहे. १०० वर्षांहून जुनी कोरीव वस्तू ही पुराणवस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. ज्याला ती ठेवणे अशक्यच आहे, त्याने संग्रहालयाचा विचार करावा. पुण्याला दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून कोरीव दारे, गणेशपट्ट्या, दिवे, भांडी जमवली आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तो आजही पाहता येतो.

आणि ज्यांच्या घरी चौकट अजून जागेवर आहे, त्यांना चार सूचना. तिच्यावर नवा तैलरंग चढवू नका. पॉलिश कागदाने किंवा तारेच्या ब्रशाने घासू नका. मऊ कुंचल्याने धूळ झाडली की पुरे. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि तेल मूर्तीच्या अंगावर थापण्याऐवजी उंबऱ्यावर वाहा. चौकटीच्या बुडाशी ओल येऊ देऊ नका. वाळवी तिथूनच चढते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक काम सुचवतो. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांचे गट करा आणि गावातल्या जुन्या चौकटींची एक वही करा. घराचे ठिकाण, चौकटीची लांबी-रुंदी, मधला देव कोणता, बसलेला की उभा, हात किती, उजव्या खालच्या हातापासून क्रमाने कोणत्या हातात काय, वाहन कोणते, आणि काय मोडले आहे, एवढे रकाने पुरेत. छायाचित्र सकाळी किंवा दिवस कलताना काढा. तिरप्या उन्हात कोरीव रेषा उठून दिसतात. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, ही चौकट कोणत्या सुताराने केली? नाव मिळाले तर ते वहीत पहिल्या ओळीत लिहा. देवाचे नाव खुणांवरून पुन्हा लावता येईल. सुताराचे नाव एकदा गेले की कशावरूनही लावता येणार नाही.

एक चौकट नीट वाचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, की गावातल्या पहिल्या वाड्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त दारातून आत शिरण्यापूर्वी मान वर करायची, एवढे मुलांना सांगून ठेवा.